एकशे अठरा जोड आणि माझं एक वाक्य

सुरतेत भेस्तानला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे शटर, मागच्या भिंतीला टेबल, टेबलावर भिंग बसवलेला दिवा. एम्ब्रॉयडरी मशीनची सर्किट कार्डं, लूमच्या मोटारीचे ड्राइव्ह, डाइंग हाउसमधले तापमान दाखवणारे डबे असं सगळं माझ्याकडे येतं. घेऊन येणारा बहुतेक वेळा हेल्पर असतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, मी काही केलं नाही."

हे वाक्य माझ्या लहानपणापासूनचं ओळखीचं आहे. वडील पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगाच्या मशीनवर होते. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. कामगार संघटनेची पत्रकं छापून आली की घड्या घालायचं काम माझ्याकडे. अक्षरं मी त्यांतूनच शिकले. "मशीन बिघडले की दोष कामगाराच्या माथी मारला जातो," हे मी पहिलीत असताना अडखळत वाचलं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा हेच वाक्य निदान चार वेळा वापरलं असेल, दर वेळी जाड टायपात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात दोष माथी मारणारी मी होते.

आमचं काम बाहेरच्यांना जादूचं वाटतं, पण ते शिस्तीत घेतलेल्या संशयाचं काम आहे. आधी वीज येते का पाहायचं, मग ती कुठपर्यंत पोचते ते पाहायचं, मग जोड, मग एकेक भाग. संशय सगळ्यांवर घ्यायचा आणि पुरावा मिळेपर्यंत नाव कुणाचंच घ्यायचं नाही. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मात्र मी क्रम बदलते. तेव्हा आधी पॅनलचं दार उघडून आत कुंकू आहे का ते बघते. एका कारखान्यात भाविक ऑपरेटरने पूजेच्या दिवशी थेट कार्डावरच ओल्या कुंकवाची पाच बोटं उठवली होती. मशीन सुरू केल्यावर बारा सुयांपैकी सात सुया आपल्या मर्जीने नाचायला लागल्या. मालक त्याला काढायला निघाला होता. मी म्हटलं, "ओलावा पुसला, मशीन चालू झालं. आता तुम्ही पुढच्या वर्षी पूजा पॅनलच्या बाहेरच करा." त्या ऑपरेटरची नोकरी राहिली. तो आजही दिसला की हात जोडतो आणि मला फार बरं वाटतं.

मला बरं वाटण्याची सवय लागली होती, हे नानांमुळे कळलं.

नाना मूळचे शिरपूरकडचे. वय साठीच्या आसपास. पांडेसऱ्यातल्या लूमच्या शेडमध्ये बीम पसारतात. लूमवर चढवायच्या मोठ्या रिळाला बीम म्हणतात. त्यावर हजारो उभे धागे गुंडाळलेले असतात. कापड विणायच्या आधी त्यातला प्रत्येक धागा राच नावाच्या चौकटीतल्या बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घ्यावा लागतो. दोन माणसं समोरासमोर बसतात, एक जण धागा देतो आणि दुसरा हुकाने ओढतो. एक धागा चुकला तर पूर्ण ताक्यात शेवटपर्यंत रेघ पडते. नाना चाळीसएक वर्षं धागा ओढतात.

ते आले तेव्हा खांद्यावर आंब्याची पेटी होती. पेटीत चिंध्यांच्या गादीवर एक लोखंडी डबा, डब्यावर काचेचे चार व्हॉल्व्ह आणि तीन जड ट्रान्स्फॉर्मर.

"पोरी, हे वाजत नही," ते म्हणाले. "म्हणजे वाजतं, पण भलतंच वाजतं."

मी बघतच राहिले. "नाना, हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. तुमच्याकडे कुठून?"

एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने हौसेने परदेशी किट मागवलेलं, पेटी न उघडताच भंगारात टाकलेलं. भंगारवाल्याला त्यातलं तांबं हवं होतं. नानांनी ते त्याच्या काट्यावरून उचलून आणलं. सुटे भाग, वायरी, एक कोरा डबा आणि इंग्रजी पुस्तिका. इंग्रजी त्यांना येत नाही. पण पुस्तिकेत एक चित्र होतं, कुठून कुठे काय जोडायचं ते दाखवणारं.

"ते तर पसारणीच्या नकाशासारखंच शे," नाना म्हणाले. "हा धागा या डोळ्यात, तो त्या डोळ्यात. बाजारातून सोल्डरची कांडी आणली, शिकलो, एकशे अठरा जोड केले."

"पण कशासाठी?"

त्यांनी कानावर हात ठेवला. "लूम बसलंय आत. फोनमधलं गाणं म्हणजे डासाची गुणगुण वाटते. लहानपणी गावात व्हॉल्व्हचा रेडिओ होता पाटलाकडे. त्याच्या आवाजाला पोट होतं."

मी तो दुकानातल्या स्पीकरला जोडून चालू केला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतता, मग जोराची घूं. आवाजाचं बटण जरा फिरवलं तर आतून किंचाळी. नेमका तेव्हाच एम्ब्रॉयडरीचा एक मालक दारात उभा राहून "बेन, मारू कार्ड थयुं?" म्हणून, म्हणजे कार्ड झालं का असं, तिसऱ्यांदा विचारत होता. त्याची चार मशीनं बंद होती. मी बटण बंद केलं आणि म्हटलं, "नाना, सोल्डर कच्चं आहे. सगळे जोड परत करा."

"सगळे?"

"सगळेच. नवख्या हाताचं ड्राय सोल्डर असतंच."

"मन्हा हात नवखा शे?" असं म्हणून नाना हसले. मीही हसले आणि कार्डाकडे वळले.

डब्याच्या खाली पत्रा होता. पत्र्याला सहा स्क्रू होते. मी एकही काढला नाही.

आठ दिवसांनी नाना परत आले. तीच पेटी, तीच घूं, तीच किंचाळी. या वेळी मी म्हटलं की एखादा भाग खराब असेल, ठेवून जा, सवडीने बघते. त्यांनी "बरं" म्हटलं. जाताना स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. ते मी पाहिलं आणि विसरले.

दोन दिवसांनी दुपारी नानी आल्या, नानांच्या बायको. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आत येईनात.

"तूच ती रेडिओवाली?"

"हो. या ना, बसा."

"बसायला नही आले. त्यांना काय सांगितलंस तू?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "चार दिवस डोळे फोडून परत जोड केले. परत तेच. आता शेडमध्ये जाईना झालेत. ठेकेदाराला सांगून आले, दुसरा माणूस बघ, मन्हा हात खोटं बोलाले लागले. इंजिनेर पोरगी बोलली, जोड कच्चे आहेत. एकशे अठरा कच्चे निघाले तर चार हजार धाग्यांत किती सुटत असतील, म्हणे. गावाकडे जाऊ म्हणतात. चाळीस वर्षांत कापडात रेघ आली नही त्यांच्या हाताने. आणि तू..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "बघितलं होतंस ना नीट?" एवढंच विचारलं.

माझी नजर न उघडलेल्या डब्याकडे गेली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांना कळलं.

"माय व!" त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि सहा स्क्रू काढले. आमच्याकडे नियम आहे की व्हॉल्व्हच्या डब्याला हात लावायच्या आधी आतली साठलेली वीज उतरवायची. प्लग काढल्यावरही तिथे तीनशे व्होल्ट दबा धरून असतात. ती उतरवली, पत्रा उचलला, आणि दिवा पुढे ओढला.

मी दहा वर्षं ही कामं करते. परदेशी कंपन्यांची कार्डं उघडली आहेत, लष्करी दर्जाची म्हणवणारी सुद्धा. असं काम मी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वायर पट्टीने आखल्यासारखी सरळ. वळणं काटकोनात. सगळ्या वायरी डब्याच्या कडेने एका जुडीत नेलेल्या, आणि ती जुडी पांढऱ्या पॉलिस्टर धाग्याने बांधलेली, प्रत्येक गाठ आधीच्या गाठीपासून बोटभर अंतरावर, सगळ्या गाठींचं तोंड एकाच बाजूला. मी मोजपट्टी लावून पाहिली. एका गाठीतही फरक नव्हता. जोड एकेक करून भिंगाखाली घेतले. चकचकीत, दोन्ही बाजूंनी चढलेले, थेंबभरही जास्त नाही. मी शाळेत असताना मंदिराच्या गाभाऱ्यात गप्प होणाऱ्या लोकांची टिंगल करायचे. त्या दिवशी मी गप्प झाले होते.

ट्रान्स्फॉर्मरच्या मागे एक पट्टी होती. तिथे पोचायला ट्रान्स्फॉर्मर काढावा लागला असता, म्हणून तिथले पाच जोड नानांनी दुसऱ्या वेळी केले नव्हते. हे त्यांचे पहिले जोड होते, म्हणजे मी "कच्चे" म्हटलेले. आरसा धरून पाहिलं. ते पाचही पक्के होते.

मग घूं कुठली? आता मी संशय क्रमाने घेतला. व्होल्टेज बरोबर. पहिला छोटा व्हॉल्व्ह काढला, घूं थांबली. म्हणजे दोष त्याच्यात किंवा त्याच्या आधी. नवा व्हॉल्व्ह लावला, घूं परत. चालू डब्यात धातू घालता येत नाही, म्हणून माझ्याकडे उत्तरायणातल्या, म्हणजे संक्रांतीतल्या, फाटक्या पतंगाची बांबूची एक कामटी ठेवलेली असते. झटका छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे धरला, दुसऱ्या हाताने कामटीचं टोक जुडीत घातलं आणि आवाज घेऊन येणारी वायर बाकीच्यांपासून केसभर दूर ढकलली.

घूं निम्मी झाली. सोडली, परत आली.

मी कामटी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची कुपी. आत एक नळी तापून लाल होते आणि तिच्यातून विजेचे कण पोकळीत उडतात. वाटेत बारीक तारेची जाळी असते. जाळीवर आवाजाचा अगदी क्षीण इशारा आला तरी कणांचा पूर्ण लोंढा त्याबरहुकूम कमी-जास्त होतो. माणसाच्या श्वासाएवढा इशारा आणि त्याचं ऐकणारा लोंढा! याहून विनम्र ताकद मी कुठल्या यंत्रात पाहिली नाही. पण जो व्हॉल्व्ह श्वास ऐकतो तो शेजारचीही कुजबुज ऐकतो. नळी तापवणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. तिची वायर आवाजाच्या वायरीला चिकटून वीतभर धावली की व्हॉल्व्ह तेही ऐकतो, घूं म्हणून. आणि बाहेर पडणारा मोठा आवाज आत येणाऱ्या लहान आवाजाच्या शेजारून गेला तर तो स्वतःलाच परत ऐकतो आणि किंचाळतो.

नानांनी हे सगळे धागे शेजारी शेजारी, समांतर, सुंदर बांधले होते. बीमवर हेच तर करायचं असतं! माझ्यासारख्या आळशी हाताने वायरी कशाही टाकल्या असत्या तर एवढी घूं झालीच नसती. चित्रात कुठून कुठे ते होतं. कसं न्यायचं ते पेटीतल्या पुस्तिकेत इंग्रजीत होतं, आणि इंग्रजी येणारी मी तीदेखील उघडली नव्हती.

मी निरोप पाठवला, नाना आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नानी त्यांना घेऊन आल्या, जवळजवळ ओढत.

मी आरसा आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. "ट्रान्स्फॉर्मरच्या मागे बघा. हे पाच जोड तुमचे पहिले. परत केलेले नाहीत."

नानांनी बराच वेळ पाहिलं. "चमकतात," ते म्हणाले.

"कच्चा जोड चमकत नाही. राखेसारखा मळकट दिसतो. हा बघा, हा माझ्या शिकाऊपणीचा." मी जुनं कार्ड दाखवलं. त्यांनी दोन्ही आळीपाळीने पाहिले.

"म्हणजे परत केले ते सगळे उगाच?"

"उगाच, नाना. पहिलेही पक्के होते. मी पत्रा न उघडता बोलले."

नानी म्हणाल्या, "आता सांगते! आम्ही ट्रंका भरल्या तेव्हा."

मी कामटीने वायर दूर करून दाखवली, घूं कमी होताना ऐकवली. मग सांगितलं की तापवणाऱ्या दोन वायरी एकमेकींवर पिळून घ्यायच्या, म्हणजे त्यांचं हेलकावणं एकमेकींत जिरतं. आवाजाची वायर त्यांच्यापासून लांब न्यायची. आणि ओलांडावंच लागलं तर शेजारून जायचं नाही, थेट काटकोनात ओलांडायचं.

नानांनी भिंग खाली ठेवलं. "उभा आणि आडवा," ते म्हणाले.

"काय?"

"अवं, ताणा आणि बाणा! आडवा धागा उभ्याला एका ठिकाणी भेटतो आणि पुढं जातो. शेजारी राहतात ते दोघं उभे." ते माझ्याकडे असं पाहत होते की एवढी साधी गोष्ट सांगायला एवढा वेळ का लागला. "चित्रात हे काढायला काय होतं त्यांना?"

मी सोल्डरची कांडी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तू सरक."

तीन दुपारी नाना माझ्या टेबलावर बसले. मी जमिनीवर बसून कार्डं दुरुस्त केली. बोटभर अंतरावरच्या त्या गाठी त्यांनी एकेक कापल्या आणि तोंडाने "चक्" आवाज करत राहिले. मला तेवढं पाहवेना. तापवणाऱ्या वायरी त्यांनी मांडीवर वळल्या, वात वळतात तशा. पीळ एकसारखा, सुरुवातीपासून टोकापर्यंत. सुरतेतलं कुठलं मशीन असा पीळ देत असेल तर ते मला बघायचं आहे. बाकीच्या वायरी आखूड झाल्या, तिरप्या झाल्या, एकमेकींना काटकोनात ओलांडू लागल्या. नानांच्या डोळ्यांना ते विस्कटलेलं दिसत होतं आणि तरी त्यांनी केलं.

तिसऱ्या दुपारी चालू केला. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. आम्ही वाट पाहिली. घूं आली नाही. मला वाटलं बंदच आहे, म्हणून स्पीकरला कान लावला. आत फक्त पोकळी होती, स्वच्छ.

नानांनी फोन जोडला. गावातल्या बायकांनी कानबाई देवीच्या सणाला म्हटलेली गाणी कुणीतरी अंगणात उभं राहून फोनवर घेतली होती. आवाज वर चढवला. शटरमधून रस्त्यावरचा भाजीवाला वाकून बघू लागला. नाना डोळे मिटून ऐकत होते. एकाएकी त्यांनी नानींचा हात धरला, चारचौघांत, दुकानात.

"ही गाणारी सोनाबाई. दम लागला की मधला शब्द गिळते. ऐकू येतंय माले. तिचा दम ऐकू येतोय!"

नानींनी हात सोडवून घेतला नाही. मी पाठ फिरवून टेबल पुसत राहिले. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

गाणं संपल्यावर मी म्हटलं, "मग सोमवारपासून शेडमध्ये जाणार ना?"

नाना जोडण्या सोडवत होते. "जाईन. पण ठेकेदाराला मी सांगितलंय की हात गेले. आता काय सांगू, आले?"

"सांगा की त्या पोरीने चूक केली."

"मी सांगू?" ते माझ्याकडे वळले. "चूक कुणाची?"

"माझी."

"मग येशील सोमवारी. आणि मन्हा जोडीदार गावी गेलाय. धागा द्यायला माणूस लागेल. एक बीम बसशील."

सोमवारी सकाळी मी पांडेसऱ्यात त्या शेडमध्ये गेले. लूमच्या शेडमध्ये बोलता येत नाही. आवाज कानात नाही, छातीत लागतो. मी अशा शेडविरुद्ध लिहिलं आहे, कानात घालायच्या बुचांची मागणी केली आहे, पण दारातून निवेदन देऊन परतले होते. आत कधी उभी राहिले नव्हते. नाना पुढे चालले होते, ताठ. लोक मान वळवून पाहत होते. कोपऱ्यात ठेकेदार नव्या माणसाला काहीतरी दाखवत होता. नानांना पाहून तो थांबला, आणि हाताने विचारलं, काय?

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी ठेकेदाराच्या कानाशी जाऊन हिंदीत म्हटलं, "इनके हाथ को कुछ नहीं हुआ था. मैंने बिना देखे बोल दिया था."

"क्या?"

मी परत सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. मागे दोन लूमवाले येऊन उभे राहिले होते, एक बॉबिन भरणारी बाई, आणखी कोणी. नाना मला म्हणाले, ओठांवरून कळलं, "मोठ्याने बोल. इथं कुणाला ऐकू येत नही."

तेव्हा मी पोटातून ओरडले. घोषणा देतानाही इतकं ओरडले नसेन. "इनका काम पक्का था! गलती मेरी थी! मैंने देखा नहीं था!"

बॉबिनवाल्या बाईने पदर तोंडाला लावला. एक लूमवाला दुसऱ्याला कोपर मारून हसला. ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं, नानांच्या हातांकडे पाहिलं, आणि अंगठ्याने कोपऱ्यातला बीम दाखवला. नवा माणूस खांदे उडवून दुसरीकडे गेला.

नाना बीमसमोर बसले तेव्हा राच त्यांच्या आणि माझ्यामध्ये टांगलेली होती, हजारो बारीक डोळ्यांची. पलीकडून एका डोळ्यातून हुक आला आणि थांबला. मी माझ्या बाजूचा पहिला धागा शोधला. तो इतका बारीक होता की बोटांना लागत होता पण दिसत नव्हता. तो हुकावर ठेवला. हुक मागे गेला, धागा गेला, आणि तोवर हुक पुढच्या डोळ्यातून येऊन उभा होता.

मी चुकून दोन दिले. हुक हलला नाही. पलीकडून एक बोट वर झालं.

मी एक काढून घेतला.

दुपारपर्यंत माझी मान उरली नव्हती आणि आमचे जेमतेम नऊशे झाले होते. नाना जोडीदाराबरोबर एवढ्या वेळात याच्या दुप्पट करतात. त्यांनी ओढलेले धागे मी त्यांच्या बाजूला जाऊन पाहिले. हात लावायची हिंमत झाली नाही. नाना डबा उघडून भाकरी मोडत होते. त्यांनी अर्धी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "चहानंतर बसशील ना? अजून तीन हजारवर राहिले."

मी बसले.